घाटाखालची वाट सोपाऱ्याला जाते

2014 पर्यंत सोपारा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्या वर्षी 1 ऑगस्टला पालघर वेगळा झाला आणि वसई तालुक्याबरोबर तेही गेलं. मुरबाडकराला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. आमच्या लेखी नालासोपारा म्हणजे विरार लोकलच्या गर्दीच्या बातमीत येणारं नाव. नाला हे एक गाव, सोपारा दुसरं, आणि दोघांना मिळून रेल्वेनं एक स्टेशन दिलं, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

ओढ लागली ती गुरुजींच्या आईंमुळे. गुरुजी माझे जुने मित्र, शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आईंनी सत्तरी कधीच ओलांडली. गोराईचा पॅगोडा त्यांनी दोनदा पाहिलाय. म्यानमारच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला, 2009 मध्ये खुला झालेला तो सोनेरी डोलारा. एवढ्या मोठ्या घुमटाखाली एकही खांब नाही, याचं त्यांना अजून अप्रूप आहे. पण एकदा चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "तो तर परवाचा. आपल्या भागात जुनं असं काहीच नाही का रे?"

गुरुजी म्हणाले, "आहे ना. सोपाऱ्याचा स्तूप."

मी म्हटलं, "ते आता आपल्या जिल्ह्यात नाही."

"जिल्हा परवाचा," गुरुजी म्हणाले.

तर अशी ती सुरुवात. पण मला सरळ सोपाऱ्याला जायचं नव्हतं. सोपारा प्राचीन बंदर, तिथला माल घाटावर जाई तो कल्याणमार्गे आणि आमच्या नाणेघाटातून, हे शाळेत पाठ केलं होतं. पाठ केलेलं एकदा पायांनी तपासून बघावं म्हणून जानेवारीत, म्हशाची यात्रा उलगली त्याच्या पुढच्याच रविवारी, मी आधी घाट चढलो. टोकावड्याच्या अलीकडे एका टेम्पोत यात्रेत न खपलेल्या घोंगड्या अजून चाललेल्या दिसल्या. दोन हजार वर्षांपूर्वी याच रस्त्यानं काय काय गेलं असेल याची यादी मनात करत वैशाखऱ्याला पोचलो.

हमरस्ता सोडला की वाट आधी झाडीतून रमतगमत जाते आणि मग एकदम अंगावर येते. पावसाळ्यात इथं शहरातल्या पोरांची झुंबड असते. थंडीत मात्र वाट आपली एकट्याची. दोन-अडीच तासांची चढण. जागोजागी दगड बसवलेले, पायऱ्या खोदलेल्या, आणि वरच्या अंगाला कातळात कोरलेली पाण्याची टाकी. ओझ्याचं जनावर चढवायचं तर काय काय लागतं हे ज्यानं कुणी ठरवलं, तो या वाटेनं स्वतः घाम गाळून गेलेला असणार. शेवटी दोन कड्यांच्या मधली ती अरुंद खिंड येते, वारा तोंडावर आपटतो आणि आपण पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात असतो. तिथंच तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत म्हणून हा नाणेघाट, असं कुणीही सांगेल. मी रांजणात डोकावलो. तळाला पाणी, वेफर्सचं एक पाकीट आणि कुणीतरी हौसेनं टाकलेला एक रुपया.

खरा ऐवज रांजणात नाही, लेण्यात आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं तेवढी उरलीत. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात नागनिकेचा लांबलचक लेख. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. कुठले कुठले यज्ञ केले आणि कुणाला काय दक्षिणा दिली याचा तो हिशेब आहे: 11,000 गायी, 1,000 घोडे, 24,400 कार्षापण नाणी. लग्नातला आहेर माइकवरून वाचून दाखवावा तसा. जकातीबद्दल त्यात अवाक्षर नाही. पण इतके कार्षापण आले कुठून, हे खिंडीत उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

हे लेणं बौद्ध नव्हे, हे सांगून टाकलेलं बरं. आमच्याकडे कुठल्याही लेण्याला सरसकट एकतर पांडवांचं तरी म्हणतात, नाहीतर बुद्धाचं. राणी यज्ञ करणारी. तिच्या राज्यातले व्यापारी मात्र भिक्खूंच्या लेण्यांना देणग्या देणारे, आणि दोघांचा पैसा एकाच वाटेचा. त्याच घाटात एक लहानसा लेख आहे, सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या दानाचा. राजघराण्याच्या त्या पल्लेदार लेखापेक्षा मला तो ओळभराचा गोविंददास जास्त जवळचा वाटला. समुद्राकाठच्या गावचा माणूस, इतक्या वर चढून आला, आणि जाताना वाटसरूंसाठी काहीतरी करून गेला.

नागनिकेचा लेख 1828 मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं उजेडात आणला. त्यातले आकडे, भारतातल्या अगदी जुन्या अंकांपैकी, उलगडले पंडित भगवानलाल इंद्रजींनी. हे नाव लक्षात ठेवायचं, कारण घाटाच्या या टोकाला भेटलेला हा माणूस दुसऱ्या टोकाला पुन्हा भेटतो. जन्म 1839, जुनागढचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईत बोलावलं आणि देशभर हिंडवून शिलालेखांचे ठसे घ्यायला लावले. आपले लेख ते गुजरातीत लिहीत आणि दुसरे कुणी इंग्रजीत उतरवून देत. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. गुरुजी आपल्या पोरांना हे आवर्जून सांगतात, आणि इंग्रजी माध्यमासाठी हटून बसलेल्या पालकांनाही.

पुढचा टप्पा तिघांचा. मी मुरबाडहून एसटीनं कल्याणला आलो, गुरुजी आणि आई आसनगावहून लोकलनं. त्यांच्या शहापूरचाही या वाटेत हिस्सा आहे. कसारा त्यांच्याच तालुक्यात, आणि कसाऱ्याचा थळघाट चढलं की नाशिक. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्यात त्यानं शूर्पारकात धर्मशाळा बांधल्याचं लिहिलंय. शूर्पारक म्हणजेच सोपारा. मुरबाडचा घाट जुन्नरला, शहापूरचा नाशिकला, आणि दोन्हींच्या तळाशी कल्याण, पुढे सोपारा. गुरुजींनी हे कल्याणच्या फलाटावर वडापाव खाता खाता आईंना बोटानं हवेत नकाशा काढून समजावलं. आई म्हणाल्या, "म्हणजे आपण उतारालाच आहोत."

दिव्याहून वसईला जाणारी गाडी धरायची असं मी ठरवलं होतं. दादरला जाऊन विरार लोकल पकडणं सोपं, आणि गाड्याही भरपूर. कुणी जाणार असेल तर त्यानं तेच करावं. पण दिवा-वसई मार्ग खाडीच्या अंगाअंगानं जातो, आणि जुनी वाहतूक याच पाण्यानं होत असणार, म्हणून माझा हट्ट. वेळापत्रक मात्र मी जुनं पाहून आलो होतो. दीड तास दिव्याच्या फलाटावर. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. आईंनी पिशवीतून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली.

गाडी सुटली आणि खाडी दिसली तेव्हा हट्ट वसूल झाला. आमची काळू, शहापूरची भातसा, दोन्ही शेवटी उल्हासला मिळतात आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला. भातसाचं पाणी हल्ली जलवाहिनीतून मुंबईलाही जातं, आणि एप्रिल-मे मध्ये शहापूरच्या वाड्यांवर टँकर येतात, पण तो विषय काढला की गुरुजी दिवसभर थांबत नाहीत. भिवंडीची गोदामं मागे पडली, खारबाव, कामण, जूचंद्र. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ मध्ये सोपारा आणि कल्याण ही दोन्ही नावं पाठोपाठ येतात. कल्याणचा बाजार एके काळी रीतसर चाले, पण पुढे तिथं चुकून आलेली ग्रीक गलबतंही पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी त्यात तक्रार आहे. व्यापाऱ्याची तक्रार ती. दोन हजार वर्षं टिकली.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा. "बौद्ध स्तूप" म्हटलं की रिक्षावाले विचारत नाहीत. इमारतींची दाटी संपता संपता मध्येच एखादी केळीची बाग, विहीर, कौलारू घर, वसईचं मूळ रूप दाखवून लगेच झाकणारं. मग कुंपण, पुरातत्त्व खात्याची पाटी, आणि आत तो.

खरं सांगतो, पहिल्या नजरेत माणूस निराश होतो. सांचीचा फोटो डोक्यात असतो. इथं आहे तो विटांचा गोल, झिजलेला, बुटका उंचवटा. तोरण नाही, कठडा नाही, शिखर नाही. आजूबाजूला थोडे घडीव दगड. गावकरी याला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडांचा एखादा राजा होता आणि ही त्याची गढी, अशी समजूत. ती एका अर्थी कामाला आली. कोट म्हणून ठेवला, विटांची खाण म्हणून नाही.

एप्रिल 1882. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर लिहून होत आलं होतं, त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल आणि त्यांच्यासोबत आपले भगवानलाल इथं आले. भर उन्हाळ्यात उंचवटा माथ्यापासून खोदत नेला. मधोमध विटांचा एक चौक लागला, त्यात मोठा गोल दगडी करंडा, वर झाकण. झाकण उचललं तर आत मध्यभागी तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती रिंगण धरून बसलेल्या आठ कांस्यमूर्ती. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप, गौतम हे सात मानुषी बुद्ध, आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. मधल्या जागेत सोन्याची फुलं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या पोटात, मातीच्या भांड्याचे 13 तुकडे.

मातीचे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा.

मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा आई एका दगडावर बसून ऐकत होत्या. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "परत सांग. सोन्यात काय?" मी परत सांगितलं. त्या उठल्या, चपला काढल्या आणि प्रदक्षिणेला लागल्या.

करंड्यात यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणंही होतं. सातवाहनांची बहुतेक नाणी शिशाची किंवा मिश्र धातूची. राजाचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं त्या मानानं दुर्मीळ. यज्ञश्री दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. कांस्यमूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या धरतात. म्हणजे पाच-सहाशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, करंडा पाहिला, मूर्ती बसवल्या आणि पुन्हा बुजवून टाकला. लुटायला नव्हे, भर घालायला. खजिन्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात, ही असली नाही ऐकली.

गुरुजी तोवर विटांपाशी उकिडवे बसले होते. हाताची वीत लावून पाहिली, पुरली नाही. आजच्या विटेपेक्षा ती कितीतरी रुंद आणि चपटी. विटांशी त्यांचं वेगळं नातं आहे. दिवाळी झाली की त्यांच्या शाळेतली कातकरी पोरं आईबापांसोबत वीटभट्ट्यांवर जातात ती पहिल्या पावसालाच परततात, आणि तोवर पट म्हणजे नुसती नावं. "थापणाऱ्याची बोटं उमटतात कच्च्या विटेवर," ते म्हणाले. "मी दरवेळी बघतो." त्यांनी पुष्कळ शोधलं. एका विटेच्या कडेला तसं काहीतरी वाटलं, पण सरकत्या उन्हाचा तो खेळही असेल.

या स्तूपामागची कथा पूर्णाची. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात ती आहे. सोपाऱ्याच्या धनिकाला दासीपासून झालेला हा मुलगा. भावांनी वाटणीत फसवलेला, चंदनाच्या व्यापारात वर आलेला. समुद्रावर एकदा सोबतचे व्यापारी पहाटे काही म्हणत होते, त्यानं विचारलं ही कसली गाणी, तर ते म्हणाले, गाणी नव्हेत, बुद्धवचनं. माल विकून त्यानं श्रावस्ती गाठली, भिक्खू झाला. मग आपल्याच मुलखात, अपरांतात, धम्म सांगायला जातो म्हणाला. बुद्ध म्हणाले, तिकडचे लोक तापट. शिव्या दिल्या तर? तर म्हणेन, भले लोक, मारलं तर नाही. मारलं तर? दगड घातले नाहीत. आणि जीवच घेतला तर? त्यावरही पूर्णाकडे शांत उत्तर होतं. कोकणातल्या माणसांची ही ख्याती तेव्हापासूनची, असं मी म्हणालो, तर शेजारी फोटो काढत उभा असलेला एक वसईकर तरुण मनापासून हसला. पुढे पूर्णाचे भाऊ वादळातून वाचले आणि त्यांनी गलबतातल्या चंदनाचा विहार सोपाऱ्यात बांधला, अशी कथा आहे. चंदनाचं आज काही उरलेलं नाही. पण विहार बांधायला व्यापाऱ्यांनी विकायचा माल वापरला, हा तपशील मला कथेतला वाटत नाही, गावातला वाटतो. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यात सोपाऱ्याचा सातिमित आहे. धम्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारा भाणक. त्यानं दिलेल्या खांबात धातू, म्हणजे अवशेष ठेवल्याचं लिहिलंय. घाटात गोविंददास, कार्ल्याला सातिमित. सोपाऱ्याची माणसं घाटावर सगळीकडे भेटतात, आणि आम्ही घाटाखालचे लोक मात्र सोपाऱ्याला फिरकत नाही.

अशोकाचीही इथं खूण आहे. भातेला तळ्याजवळ भगवानलालांना 1882 मध्येच एका शिलालेखाचा तुकडा मिळाला: अशोकाच्या आठव्या लेखाचा. हा लेख प्रवासाचाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, शिकारीला निघत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, बोधगयेला गेलो, तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, अशा आशयाचा. जवळच्या भुईगावात 1956 मध्ये नवव्या लेखाचा तुकडा सापडला, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक, त्यातही बायका, नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागा, त्याचं फळ मोठं, असं तो सांगतो.

"बायकाच कशाला?" आई म्हणाल्या. "निघताना नारळ कुणी फोडला?" नारळ मी फोडला होता, कल्याणला, एसटी स्टँडबाहेर, सवयीनं. गुरुजींनी नजर दुसरीकडे वळवली.

1956 म्हटल्यावर आईंना दुसरंच आठवलं. 14 ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा त्या अगदी लहान होत्या. गावातली चार माणसं पुढे डिसेंबरात मुंबईला गेली होती, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला. तिथून परतल्यावर घरातले देव काढले. हे सांगताना आवाज वर-खाली नाही. मग त्यांनी पदर नीट घेतला, मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली आणि त्रिसरण म्हटलं. फोटो काढणारा तरुणही थांबला आणि हात जोडून उभा राहिला.

परतताना चक्रेश्वर तळ्यावर गेलो. देवळाच्या आवारात जुन्या मूर्ती मांडून ठेवल्यात, त्यातली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती मुद्दाम पाहण्यासारखी. पण आमचे पाय दुखायला लागले होते आणि मी तरी ती पाहायची म्हणून पाहिली. बंदर कुठं होतं म्हणून गुरुजींनी दोघातिघांना विचारलं. खाडी गाळानं भरत गेली, पाणी मागे सरलं. आता तिथं बंदर होतं हे सांगूनच समजतं.

यावेळी मुकाट विरार लोकल धरून दादर. चौथी सीट मिळाली ती आईंना दिली. बोरिवली गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "मग ते तुकडे आता कुठं आहेत?"

"मुंबईलाच," मी म्हटलं. "एशियाटिक सोसायटीकडे. मूर्ती, करंडे, सगळं. हॉर्निमन सर्कलला टाउन हॉल आहे बघा, पांढरे खांब, पुढं मोठ्या पायऱ्या."

"पायऱ्या किती?"

"तीस."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "तू तो नाणेघाट चढलास त्याला किती लागले?"

"अडीच तास."

"मग मला तिसांना तेवढे देशील," आई म्हणाल्या, आणि पिशवीतली उरलेली भाकरी काढून तिच्या तीन वाटण्या करायला लागल्या.